दोराचं खालचं टोक

बसा असे टेकून. चहा येईल तेव्हा येईल. तोवर पेंटरची गोष्ट सांगतो तुम्हाला, आणि आधीच बजावून ठेवतो, यात मारामारी नाही, खून नाही, कुणी कुणाला घेऊन पळत नाही. एक म्हातारा माणूस चार दिवस घरात बसून एक चेहरा काढायला बघतो, एवढंच आहे. पण नीट ऐका. मधेच उठून गेलेलं मला आवडत नाही.

पेंटर म्हणजे टॉकीजचा पेंटर. आता टॉकीजवर फ्लेक्स चढतो, मशीनमधून निघाला की टांगला. तेव्हा तसं नव्हतं. टॉकीजची रस्त्याकडची अख्खी भिंत रंगवायची, दर नव्या सिनेमाला नवी. चाळीस फूट उंच तोंड, हाताने. आणि त्या भिंतीवर पेंटरच्या सत्तावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा जो चढला तो एकच नट. सगळे त्याला नुसतं हिरो म्हणायचे, दुसरे हिरो असूनसुद्धा. तर हा हिरो गेला. सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत दुकानांची शटरं खाली, बसमधला कंडक्टर तिकीट फाडताना डोळे पुसतोय, इस्त्रीवाला गरम इस्त्री तशीच हातात धरून रेडिओपाशी उभा. पेंटरही रडला. खोटं कशाला बोलायचं, घरातलं माणूस गेल्यासारखा रडला. संध्याकाळी टीव्हीवाली आली, हातात ते दांडकं. कुणीतरी सांगितलं होतं तिला, हिरोचा चेहरा ज्यानं जन्मभर काढला तो माणूस याच गल्लीत राहतो म्हणून. "काका, एखादी आठवण सांगा ना." आठवण तर जिभेवर तयारच बसलेली. पेंटरनं ती हजारदा सांगितली होती, लग्नात, केशकर्तनालयात, दवाखान्याच्या बाकावर. भिंतीवर काम चालू असताना, गच्चीवरून दोरांनी टांगलेल्या झुल्याची फळी निसटली, आणि पेंटर हिरोच्या भुवईला लटकला. भुवई म्हणजे रंगाची नव्हे हो, लाकडी पट्टी ठोकलेली असायची, उन्हात सावली पडून डोळा जिवंत दिसावा म्हणून. त्या भुवईला धरून हा वर अधांतरी, खाली रस्त्यावर ही गर्दी. "हिरोनं पडद्यावर किती जणांना वाचवलं माहीत नाही बाई, पण मला भुवईनं वाचवलं." टीव्हीवाली हसली, कॅमेऱ्यामागचा हसला. मग ती म्हणाली, डोळे मिटून काढता येईल का हो त्यांचा चेहरा? पेंटरनं कोळसा घेतला, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांत भिंतीवर हिरो उभा. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आतून पेंटरची बायको, तिला सगळे पेंटरीणच म्हणतात, ती म्हणाली, "झालं. आता महिनाभर यांचे पाय काही जमिनीला लागत नाहीत. आणि ती भिंत पुसणार कोण?"

पाय तिसऱ्याच दिवशी लागले. सकाळची वेळ, पेंटर दाढीला बसलेला, अर्ध्या गालाला साबण. दारात एक बाई उभी. तिशीची असेल. गळ्यात कामावरचं ओळखपत्र, हातात डबा. "काका, ओळखलंत?" पेंटरनं ओळखलं नाही. ओळखल्यासारखं हसला. "दोरवाल्याची मुलगी मी." तेव्हा त्याच्या हातातला वस्तरा थांबला. दोरवाला म्हणजे पेंटरचा जोडीदार. झुल्याचे दोर खालून ओढायचे, सोडायचे, ते काम त्याचं. बावीस वर्षं. अकरा वर्षांपूर्वी गेला, छातीत पाणी होऊन. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, आता चष्म्याच्या मोठ्या दुकानात नोकरीला, लोकांच्या नाकाकानाचं माप घेऊन फ्रेम बसवून द्यायची. पेंटरीण बाहेर आली, "अगंबाई, किती वाळलीस गं," म्हणाली, बस म्हणाली. ती बसली नाही. "कामाला उशीर होतोय काकू. काका, टीव्हीवर बघितलं तुम्हाला. ते भुवईचं बाबासुद्धा सांगायचे घरी. सांगताना एवढे हसायचे की पाणी यायचं डोळ्यांतून." पेंटर म्हणाला, हं. साबण गालावर वाळत चाललेला. "एक काम होतं काका. बाबांचा फोटो नाहीये आमच्याकडे. एकच होता, टॉकीजच्या पासावर, तो शर्टाच्या खिशात धुतला गेला. तेव्हा वाटलं, काय, बाबा तर आठवतायत. आता..." ती जरा हसली, माणसं अपराध्यासारखं हसतात तसं. "आता आठवत नाहीत काका. परवा आरशात बघून ठरवत होते, बाबांचं कपाळ असंच होतं का. आईला विचारावं तर ती कधी म्हणते उभा चेहरा, कधी म्हणते गोल. तुम्ही हिरो डोळे मिटून काढलात ना, तेव्हा एकदम मनात आलं, काकांना बाबा येतीलच. बावीस वर्षं रोज बघितलंय तुम्ही. रविवारी सुट्टी असते मला. येऊ?" पेंटर म्हणाला, "ये की. त्यात काय, दहा मिनिटांचं काम." ती गेली. पेंटरनं उरलेली दाढी केली आणि दोन ठिकाणी कापून घेतलं.

दहा मिनिटांचं काम. टेबलावर कागद पसरला, चौकटी पाडल्या, कोळशाला टोक केलं. चौकटी पाडायची सवय हातालाच होती. मोठं चित्र असंच निघतं, फोटोवर बारीक चौकटी, भिंतीवर मोठ्या, नंबर टाकायचे, आणि एका वेळी एक चौकट उचलून वर न्यायची. डोळे मिटले. समोर दोरवाला येईल म्हणून थांबला. समोर अंधार आला. मग टर्पेंटाइनचा वास आला, दुपारच्या तापलेल्या भिंतीची धग आली, रस्त्यावरचा सायकलवाल्याचा भोंगा आला. दोरवाला येईना. आवाज आला त्याचा, तो तर अगदी कानाजवळ, "डावा डोळा घसरला रे, दोन बोटं वर घे!" खोकला आला, आधी एक, मग थांबून दोन, तसा तो खोकायचा. पण ज्या तोंडातून खोकला निघाला ते तोंड नाही. बरं, हातावर सोडू या, म्हणाला पेंटर, हाताला जास्त कळतं. हात चालला. कपाळ, नाकाची रेघ, हनुवटी. डोळे उघडून बघतो तर हिरो. जरा थकलेला, जरा गरिबाघरचा, पण हिरोच. फाडला. दुसरा काढला, या वेळी डोळे उघडे ठेवून, मुद्दाम नाक बसकं काढलं, तर तो हिरोचा एका सिनेमातला डबल रोल दिसायला लागला. दुपारपर्यंत सात कागद झाले. सातव्यात त्यानं टक्कल काढलं, दाढी काढली, गालफडं आत ढकलली. पेंटरीण जेवायला हाक मारायला आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा त्या सिनेमातला ना, शेवटी वेडा होतो तो?" तो भूक नाही म्हणाला. ती म्हणाली, "नसू दे, मला आहे," आणि आत गेली.

त्याला बेचैनी लागली ती हरवल्याची नव्हे. वस्तू हरवली की माणसाला निदान कळतं, होती. इथं त्याला कळेचना की ती कधी होती की नाही. बावीस वर्षं त्या माणसाच्या दोरावर आपण उभे राहिलो आणि त्याचं तोंड आपण बघितलं होतं का? तो हिशोब करायला लागला कामाच्या दिवसाचा. सकाळी आठला फळी वर. पेंटर भिंतीकडे तोंड करून, नाकासमोर हातभर अंतरावर हिरोची नाकपुडी, त्याच्या अख्ख्या देहाएवढी. मागं वळायचं नाही, वळलं की फळी डुलते. खाली बघावं तर चाळीस फुटांवर काय दिसतं? टाळू. दोरवाल्याची टाळू त्याला नीट आठवत होती, मधे रुपयाएवढं विरळ झालेलं, पुढं पुढं ते बशीएवढं झालं. खांदे आठवत होते, वरून दिसणारे, शर्टावर घामाचा नकाशा. आणि त्याहून जास्त आठवत होतं ते पायांना. दोर हलला की फळीतून पोटऱ्यांना कळायचं, आज हा माणूस भांडून आलाय, आज मुलगी पास झालीय. सोडायचं असलं की पेंटर "ढील" म्हणायचा, आणि फळी अशी खाली यायची जसं झोपलेल्या मुलाला खाली ठेवतात. रंगात कधी एक शिंतोडा उडाला नाही. दोरातून तो माणूस त्याला अंगातल्या अंगात पाठ होता. चेहऱ्याची गरजच पडली नाही. गरज पडली नाही! हे वाक्य मनात आलं आणि पेंटरला स्वतःची लाज वाटली. हिरोचा चेहरा पाठ असण्याचीही गरज नव्हती, समोर फोटो असायचा. पण तो भिंतीवर होता, वहीवर होता, साबणाच्या वेष्टनावर होता, न्हाव्याच्या आरशाच्या कोपऱ्यात होता, पेंटरच्या उशाशी होता. रोज उठून कुणीतरी तो पुन्हा डोळ्यापुढं धरत होतं. आणि धरणाऱ्यात पहिला नंबर पेंटरचाच.

त्यात आणखी एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. चौकटीवाल्या माणसाला भिंतीवरून आपण काय काढलंय ते दिसतच नाही. मुंगीला हत्ती काय दिसणार. ते दिसायचं दोरवाल्याला. दोर खुंट्याला गच्च बांधायचा आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहायचा, कमरेवर हात ठेवून, आणि तिथून बोंबलायचा. "ओठ रागावलाय!" "कान झोपला!" "नाक सरळ काढू नको रे, माणूस खोटा वाटतो, जरा डावीकडे कलव!" पेंटर म्हणायचा, फोटोत सरळ आहे. तो म्हणायचा, "फोटोला काय कळतंय?" आणि कलवलं की खरंच भिंत बोलायला लागायची. पुढं ते कलतं नाक एवढं गाजलं की दुसऱ्या गावचे पेंटर तसंच काढायला लागले. या शहरातल्या लोकांच्या मनात हिरो जो आहे ना, ते कलतं नाक, तो उजव्या डोळ्यातला मिश्कीलपणा, ते सगळं समोरच्या फुटपाथवरून ओरडून ओरडून घडवलेलं आहे. हे पेंटरला त्या दुपारी, सात फाडलेल्या कागदांच्या मधे बसल्यावर, पहिल्यांदा कळलं. तोवर त्याला वाटायचं, मी काढला.

दुसऱ्या दिवशी तो टॉकीजवर जाऊन आला. भिंतीला आता गुळगुळीत फरशी लावलीय. भिंतीखाली उभा राहिला, मग समोरच्या फुटपाथवर गेला, जिथं दोरवाला उभा राहायचा तिथं. बावीस वर्षांत एकदाही तो तिथं उभा राहिला नव्हता. तिथून वर बघितलं. आणि मग ती गोष्ट आली, जी तो हजारदा सांगत होता ती, पण या वेळी खालून आली. भुवईची गोष्ट. खरं काय झालं होतं? हिरोच्या डाव्या भुवईला शेवटचा काळा हात द्यायचा होता. पेंटर म्हणाला, ढील. दोरवाल्यानं दोन्ही दोर खुंट्यावरून सोडून हातात घेतले. आणि त्याच घटकेला गच्चीवरची डावीकडची कप्पी हुकासकट उपटून आली. फळी उभी झाली. रंगाचा डबा खाली गेला, ब्रश गेले, पेंटरनं भुवई पकडली. पट्टीला चार खिळे होते, चार, अर्ध्या अर्ध्या बोटाचे. त्यावर मांजर लटकलं नसतं. एका श्वासात ती पट्टी सुटून त्याच्या हातात आली आणि तो उभ्या फळीच्या उरलेल्या दोराला बिलगला. आणि त्या दोराचं खालचं टोक कुठंच बांधलेलं नव्हतं. ते फक्त एका माणसाच्या हातात होतं. पेंटर आठ-दहा फूट सर्रकन खाली आला, आणि थांबला. तो जो थांबला ना, तो धक्का त्याला आता फुटपाथवर उभ्या उभ्या पोटऱ्यांत जाणवला. लोक नंतर म्हणाले, बारा मिनिटं. शेजारच्या बांधकामावरची शिडी आणीपर्यंत बारा मिनिटं. खाली उतरल्यावर पेंटरला गर्दीनं घेरलं, पाणी पाजलं, त्याच्या हातात अजून भुवई होती, ती बघून सगळ्यांना हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, हिरोनं वाचवला रे! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. एका भुवईचा हिरो, खाली माणसांचा समुद्र. हिरोच्या कानावर गेलं, त्यानं सहीचा फोटो पाठवला, 'माझ्या भुवईला सांभाळल्याबद्दल'. तो अजून पेंटरच्या पलंगाच्या वर भिंतीला आहे, चौकटीत. आणि दोरवाला तेव्हा कुठं होता? तो भिंतीशी उकिडवा बसला होता, हातांचे तळवे वर करून, जशी पुस्तकं उघडून ठेवलीत. दोन महिने त्याला पेला धरता आला नाही. मनगटांच्या मधे पकडून चहा प्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, मग पेंटरनं ते का नाही सांगितलं? सांगितलं होतं. सुरुवातीला एकदा-दोनदा सांगितलं. एका बारशाला, बरीच मंडळी होती, त्यानं नीट सांगितलं, दोरवाल्यानं कसं धरलं, कातडी कशी गेली. ऐकणारे हं हं म्हणाले आणि एक जण म्हणाला, "पण सिनेमा कुठला होता तो?" गोष्ट तिथंच पडली. पुढच्या वेळी भुवई सांगितली, तर माणसं पोट धरून हसली, पुन्हा सांगा म्हणाली. गोष्टीला काय, जिकडे हसू तिकडे ती जाते. प्रत्येक वेळी दोरवाला एक पाऊल मागं सरकला, मागं सरकता सरकता रस्ता ओलांडून फुटपाथवर गेला, आणि एके दिवशी गोष्टीत कुणी त्याची जागाही धरून ठेवली नाही. आणि तो स्वतः? तो बाजूलाच असायचा. पेंटर भुवई सांगायचा आणि दोरवाला सगळ्यांत आधी हसायचा. पेंटरनं कधी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आज निदान हसणारं तोंड तरी आठवलं असतं.

तिसऱ्या दिवशी बायकोनंच विषय काढला. "अहो, तुम्ही तीन दिवस झाले माणसासारखे बोलत नाही. काय होतंय?" त्यानं सांगितलं, येत नाही म्हणून. फक्त तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तोंड मिटून हसायचा तो. पुढचा दात पडलेला होता ना, म्हणून. आणि भुवया अशा, जुळलेल्या."

"जुळलेल्या? नक्की?"

"नक्की म्हणजे... जुळल्यासारख्या. किंवा ते त्याच्या भावाचं असेल. सरका, मला लांबून बघू दे. काढा तुम्ही."

आणि पेंटरीण पदर खोचून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, दाराला टेकून. पेंटर काढायला लागला. "गाल फुगवलात कशाला? हं, आता बरं. अहो, डोळे किती सुंदर काढता, तो काय नट होता? बारीक करा. उन्हात उभा असायचा बिचारा सारखा, मिचमिचे करा." पेंटरचा हात थबकला. उन्हात वर बघून डोळे मिचमिचे. बावीस वर्षं तो माणूस वर बघत उभा होता, आपल्याकडे. हे त्याला कसं सुचलं नाही? त्यानं डोळे बारीक केले. हिरो कागदावरून पुसट झाला, पण दोरवाला आला नाही. कुणीतरी तिसराच आला, एखाद्या सरकारी कचेरीतल्या बाकावर असतो तसला. "हा कोण?" पेंटरनं विचारलं. बायको जवळ आली, बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माहीत नाही हो. पण चांगला माणूस दिसतो." तेव्हा मात्र पेंटर कोळसा ठेवून दोन्ही हातांत तोंड धरून बसला. ती त्याच्या शर्टावरचा कोळसा झटकत राहिली, झटकून झाला तरी.

शनिवारी दुपारी त्याला एक गोष्ट मिळाली. न शोधता मिळाली. घरात ताट घेऊन जेवत होता, भिंतीला टेकून, आणि डोळ्याच्या कडेला कान आला. डावा कान. दुपारी बाराला काम थांबायचं, दोघं टॉकीजच्या मागच्या पायरीवर शेजारी शेजारी डबा खायचे, रस्त्याकडे बघत. नेहमी तीच जागा, पेंटर डावीकडे, तो उजवीकडे. बोलताना कुणी कुणाकडे बघायचं नाही, पुरुष बघतच नाहीत. पण घास घ्यायला मान खाली घातली की डोळ्याच्या कोपऱ्यात कान यायचा. वरची कड जराशी दुमडलेली, जशी पुस्तकात खूण म्हणून पान दुमडतात. पाळी गालाला चिकटलेली. मागं पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, कधी न निघालेला. जेवताना तो कान हलायचा. पेंटर उष्ट्या हातानं उठला.

रविवारी ती आली. चांगले कपडे घालून आली होती. कागद उलटा ठेवलेला. "झालं काका?" पेंटर म्हणाला, "बस. आधी मला तुला एक सांगायचंय. मग चित्र." आणि त्यानं सांगितलं. त्याला सांगता येईना. भुवई सांगताना जीभ कशी चुरुचुरु चालायची, आता शब्द शब्द ओढून आणावा लागत होता, जसा काही दोर त्याच्याच हातात आलाय. कप्पी, फळी, चार खिळे. दोराचं खालचं टोक. बारा मिनिटं. "मी खोटं बोललो असं नाही गं. पण खरं सांगायचं ते सांगितलं नाही. तुझ्या बाबांनी मला धरून ठेवलं होतं. भुवई माझ्या हातात होती, मी त्यांच्या हातात होतो."

ती म्हणाली, "बाबा म्हणायचे, दोर घासला जरा. आई मलम लावायची. मी भात भरवायचे त्यांना, गंमत वाटायची मला, बाबांना भरवतेय म्हणून." पेंटरीण दारात उभी होती, ती आत निघून गेली. "बारा मिनिटं?"

"लोक म्हणाले. मला तर जन्म वाटला."

"परत सांगा काका. सावकाश सांगा. पहिल्यापासून."

त्यानं परत सांगितलं. या वेळी जरा बरं सांगता आलं. सिनेमा कुठला होता, ते तिनं विचारलं नाही. मग तिनंच कागद सुलटा केला. पेंटर खिडकीकडे बघायला लागला. कागदावर एक माणूस होता, डोळे मिचमिचे, तोंड मिटलेलं, कुणीही असावा असा. पण त्याची मान वळलेली होती आणि डावा कान पुढं आला होता, आणि तो कान असा काढला होता की बोट लावावं तर ऊब लागेल. तिनं बोट लावलं. चेहऱ्याला नाही, कानाला. "दुमडलेला," ती म्हणाली. "काका, मी दिवसाला चाळीस कान बघते. असा एक नसतो. हे बाबा आहेत." मग तिनं स्वतःच पुढं म्हटलं, "बाकीचे नाहीत ना?"

"नाहीत," पेंटर म्हणाला. "बाकी मी मनानं काढलंय. बाकी मला येत नाही गं. मला माफ कर."

"असू दे," ती म्हणाली, आणि खरंच तसंच म्हणायचं होतं तिला, आवाजात राग नव्हता. कागद गुंडाळता गुंडाळता थांबली. "कुणाकडे तरी असतील बाबा. टॉकीजसमोर फोटो काढायचे ना लोक तेव्हा? हिरोच्या भिंतीपुढं?" पेंटर तिच्याकडे बघतच राहिला. काढायचे की! तिपाई घेऊन फोटोवाला बसायचा तिथं. नवी जोडपी यायची, परगावचे पाहुणे यायचे, पोरं हिरोसारखी मान कलती करून उभी राहायची. शेकड्यांनी फोटो गेले घरोघरी. आणि भिंतीवर काम चालू असलं तर फोटोच्या कडेला कोण असणार, दोर धरून?

तेव्हा आता तुम्ही घरी जाल ना, तर एक करा माझ्यासाठी. माळ्यावरची ट्रंक काढा, जुने अल्बम काढा, आईबापांचे, मामामावशीचे. टॉकीजच्या भिंतीपुढचा फोटो सापडला तर मधल्या चेहऱ्याकडे बघू नका, हिरोकडे तर मुळीच नको, तो कुठं जात नाही. कडेला बघा. एखादा बारका माणूस असेल, दोन्ही हात दोरावर, उन्हात डोळे बारीक करून वर बघणारा, डाव्या कानाची कड दुमडलेली. फोटो चौकटीत बसत नाही म्हणून कड कापलेली असेल, तर कापलेला तुकडा कुणी ठेवलाय का, तेही विचारा. आणि सापडला तर माझ्याकडे आणून द्या. धूळबिळ पुसत बसू नका, आहे तसाच आणा.